फोनवरचं टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन: लावायचं कसं, आणि अडकलात तर खात्यात परत शिरायचं कसं

टू-फॅक्टर लावायला पाच मिनिटं पुरतात. त्रास होतो तो नंतर: फोन बदलताना, हरवल्यावर, नंबर बंद पडल्यावर. तेव्हा खातं परत मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा लावण्याच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. म्हणून या पानावर लावण्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, परतीच्या वाटेबद्दल लिहिलं आहे. फोन आधीच गेला असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट ‘फोन हरवला’ या प्रश्नावर जा.

टू-फॅक्टर लावल्यावर नेमकं काय बदलतं?

पासवर्ड ही तुम्हाला माहीत असलेली गोष्ट. तिच्या जोडीला आता तुमच्याजवळची एक वस्तू लागते, बहुतेकांच्या बाबतीत फोन. पासवर्ड बरोबर टाकला तरी सेवा तिथेच थांबते आणि फोनवरचा कोड मागते, किंवा ‘लॉगिन करणारे तुम्हीच का?’ असं फोनवर विचारते. पासवर्ड चोरणारा माणूस दूर कुठेतरी बसलेला असतो आणि तुमचा फोन त्याच्या हातात नसतो.

नावं वेगवेगळी असतात: टू-स्टेप व्हेरिफिकेशन, टू-एफए, लॉगिन व्हेरिफिकेशन. सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी’ किंवा ‘पासवर्ड आणि सुरक्षा’ या भागात यातलं एखादं सापडेल. व्हॉट्सॲपमध्ये क्रम जरा उलटा आहे. तिथे आधी एसएमएसचा कोड येतो आणि दुसरी पायरी म्हणून तुम्ही स्वतः ठरवलेला सहा आकडी पिन विचारला जातो.

माझा पासवर्ड चांगला अवघड आहे. तरी हवंच का?

हो. अवघड पासवर्डचा उपयोग कुणी अंदाजाने ओळखू पाहत असेल तेव्हा होतो. पण एखाद्या संकेतस्थळाचा डेटा फुटला, किंवा हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर तुम्ही पासवर्ड टाकला, तर तो कितीही अवघड असला तरी जसाच्या तसा दुसऱ्याच्या हाती पडतो. त्यातून तोच पासवर्ड तीन-चार ठिकाणी वापरलेला असेल तर ती सगळी खाती एकदम उघडी पडतात.

सगळ्यात आधी कुठल्या खात्याला लावू?

ईमेलला. बाकी जवळजवळ प्रत्येक खात्याचा ‘पासवर्ड विसरलो’चा दुवा ईमेलवरच येतो, त्यामुळे ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळंच. त्यानंतर पैशांची खाती, मग ज्या खात्यात फोनचा बॅकअप आणि फोटो आहेत ते (गूगल किंवा ॲपल), मग सोशल मीडिया आणि मेसेजिंग. एका बैठकीत सगळं उरकायचा आग्रह धरू नका. आज फक्त ईमेल नीट झालं, बॅकअप कोडसकट (फोन नसताना आत जाता यावं म्हणून सेवा आधीच देऊन ठेवते ते कोड), तरी मोठं काम झालं.

एसएमएस, ऑथेंटिकेटर ॲप की फोनवर येणारं ‘हो/नाही’? कुठला प्रकार निवडू?

माझं स्पष्ट मत: ॲपची सोय असेल तिथे ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनचे कोड फोनमध्येच तयार करणारं ॲप), आणि जिथे फक्त एसएमएसच मिळतो तिथे एसएमएस. काहीच न लावण्यापेक्षा एसएमएस खूप बरा, हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्याच्या उणिवा ऐकून काही जण काहीच लावत नाहीत.

एसएमएसची मुख्य अडचण अशी की तो कोड तुमच्या फोनवर येत नाही, तुमच्या नंबरवर येतो. कुणी मोबाइल कंपनीला फसवून तुमच्या नंबरचं नवं सिम काढलं, ज्याला सिम स्वॅप म्हणतात, तर तुमचे कोड त्याच्याकडे जाऊ लागतात आणि तुमच्या फोनचं नेटवर्क नाहीसं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्या खात्यावरून भलतेच ट्वीट प्रसिद्ध झाले, ते त्यांचा मोबाइल नंबर असाच ताब्यात घेऊन. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ च्या आपल्या नियमावलीत एसएमएसला ‘जपून वापरा’ अशा वेगळ्या वर्गात टाकलं. रोजच्या वापरातली कटकट वेगळीच: रेंज नाही, दुसऱ्या देशात आहात, मेसेज उशिरा आला, की लॉगिन अडलं.

ऑथेंटिकेटर ॲपचा कोड फोनमध्येच तयार होतो. नंबर किंवा सिम यांच्याशी त्याचा काही संबंध नसतो. त्याची उणीव एकच, पण मोठी: फोन गेला आणि तयारी केलेली नसेल तर कोडही गेले.

‘हो/नाही’ची सूचना वापरायला सर्वांत सोपी, आणि तिथेच गडबड होते. माणूस घाईत ‘हो’ दाबून मोकळा होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत घुसखोरी झाली ती अशीच. हल्लेखोराकडे एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड होता. त्याने सूचनांचा मारा चालू ठेवला आणि अखेर एकदा त्या कर्मचाऱ्याने मंजुरी दिली. त्यानंतरच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑथेंटिकेटरमध्ये पडद्यावर दिसणारा आकडा फोनवर टाकणं सक्तीचं केलं. अशी आकड्याची पायरी असलेली सूचना चांगली. नुसत्या ‘हो’ बटणापासून जपून राहा.

कुठलं ॲप घेऊ?

कोड तयार करण्याची पद्धत खुली आणि सगळीकडे सारखी आहे. २०११ मध्ये ती मानक म्हणून प्रसिद्ध झाली. त्यामुळे एखादी सेवा ‘गूगल ऑथेंटिकेटर वापरा’ असं म्हणत असली तरी दुसरं कुठलंही ॲप चालतं. निवड करताना माझ्या लेखी एकच प्रश्न महत्त्वाचा: फोन गेला तर यातली खाती परत कशी येतील?

गूगल ऑथेंटिकेटरमध्ये एप्रिल २०२३ पासून कोड गूगल खात्यात साठवण्याची सोय आहे. सोपं आहे, पण मग त्या गूगल खात्यात शिरायची वाट वेगळी ठेवावी लागते, नाहीतर खात्याची किल्ली खात्यातच राहते. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरचा बॅकअप आयफोनवरून आयफोनवर किंवा अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवरच परत घेता येतो. फोनचा प्रकार बदलणार असाल तर हे आधी लक्षात घ्या. ऑथीमध्ये एकापेक्षा जास्त उपकरणं जोडता येतात, मात्र तिथली खाती बाहेर काढून दुसऱ्या ॲपमध्ये नेण्याची सोय नाही. एजिस हे फक्त अँड्रॉइडसाठी. त्याचा प्रोग्राम (सोर्स कोड) कुणालाही पाहता येतो, आणि पासवर्डने बंद केलेली बॅकअप फाइल ते काढून देतं. एन्टे ऑथ अँड्रॉइड, आयफोन आणि कॉम्प्युटर तिन्हींवर चालतं. आयफोनवर २०२१ च्या आयओएस १५ पासून हे कोड फोनच्या पासवर्ड विभागातच ठेवता येतात, आणि आयओएस १८ मध्ये त्यासाठी ‘पासवर्ड्स’ हे स्वतंत्र ॲप आलं आहे.

ॲप उतरवताना बनवणाऱ्याचं नाव तपासा. ‘ऑथेंटिकेटर’ शोधलं की सारखीच चित्रं आणि सारखीच नावं असलेली बरीच ॲप्स समोर येतात. कोड दाखवण्याआधीच दर आठवड्याचे पैसे मागणारं ॲप असेल तर ते लगेच काढून टाका.

बरं, प्रत्यक्षात लावायचं कसं?

शक्य असेल तर कॉम्प्युटरवर खातं उघडा आणि फोन हातात घ्या. खात्याच्या सुरक्षा सेटिंग्जमध्ये टू-फॅक्टर सुरू करा, ‘ऑथेंटिकेटर ॲप’ हा पर्याय निवडा. पडद्यावर क्यूआर कोड येईल. ॲपमधलं अधिकचं चिन्ह दाबून तो स्कॅन करा. ॲपमध्ये त्या खात्याचं नाव आणि सहा आकडे दिसू लागतील, ते सेवेच्या पानावर टाका, झालं. सगळं फोनवरच करत असाल आणि क्यूआर स्कॅन करता येत नसेल, तर त्याखालचा ‘स्कॅन होत नाही?’ असा दुवा दाबा. अक्षरं आणि आकड्यांची एक लांब ओळ मिळेल, ती ॲपमध्ये चिकटवा.

इथेच बहुतेक जण पान बंद करतात. करू नका. पुढच्या पडद्यावर बॅकअप कोड येतात, किंवा ते कुठून घ्यायचे ते सांगितलेलं असतं. ते घ्या. मग कॉम्प्युटरवरून बाहेर न पडता, दुसऱ्या ब्राउझरमध्ये किंवा खाजगी खिडकीत एकदा नव्याने लॉगिन करून पाहा. काही बिनसलं असेल तर पहिल्या खिडकीत तुम्ही अजून आत आहात, तिथून दुरुस्त करता येतं.

क्यूआर कोडचा फोटो काढून ठेवला तर चालेल का?

गॅलरीत नको. त्या चौकोनात दडलेली गुप्त ओळ हीच सगळ्या कोडची जननी. ती ज्याच्याकडे असेल त्याच्या फोनवर तुमच्यासारखेच कोड उमटतात, कायम. गॅलरीतले फोटो आपोआप क्लाउडवर चढतात आणि फोटो पाहण्याची परवानगी घेतलेल्या इतर ॲप्सनाही दिसतात.

याच गुणाचा चांगला उपयोगही आहे. घरी दुसरा फोन किंवा टॅबलेट असेल तर तोच क्यूआर कोड पडद्यावर असतानाच त्यावरही स्कॅन करा. दोन्हींवर तेच कोड येतील आणि एक उपकरण हरवलं तरी काम अडणार नाही.

बॅकअप कोड कुठे ठेवायचे?

कागदावर. जुनाट वाटेल, पण फोन गेल्यावर उपयोगी पडणारी गोष्ट फोनमध्ये असून चालत नाही. घराच्या दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात अडकवाव्यात तसं ते होतं. महत्त्वाची कागदपत्रं जिथे असतात तिथेच हा कागद ठेवा, आणि त्यावर सेवेचं नाव व तारीख लिहा. पासवर्ड त्याच कागदावर लिहू नका.

प्रत्येक बॅकअप कोड एकदाच चालतो. गूगल एका वेळी आठ आकड्यांचे दहा कोड देतं. नवा संच काढला की जुना कागद रद्द होतो. तारीख लिहायची ती याचसाठी. दोन वर्षांनी ड्रॉवरमध्ये दोन कागद सापडतात आणि कुठला चालतो हे अडचणीच्या वेळी कळत नाही. वापरलेल्या कोडवर लगेच रेघ मारा. दोन-तीनच उरले की नवा संच काढा.

स्वतःला ईमेल करून ठेवणं हा लोकप्रिय मार्ग आहे आणि तो टाळा. ईमेलचेच कोड ईमेलमध्ये असतील तर बाहेर अडकल्यावर ते वाचता येणार नाहीत, आणि ईमेलमध्ये कुणी शिरलाच तर बाकी खात्यांचे कोड त्याला आयते मिळतील. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर तिथे ठेवायला हरकत नाही, फक्त त्या मॅनेजरचा स्वतःचा रिकव्हरी कोड कागदावर हवा.

ऑथेंटिकेटरला इंटरनेट लागतं का?

नाही. विमानातही चालतं. क्यूआर स्कॅन करताना मिळालेली गुप्त ओळ आणि आत्ताची वेळ, या दोन्हींचं गणित करून फोन दर ३० सेकंदांनी नवा कोड काढतो. सेवेकडेही तीच ओळ आणि तीच वेळ असते, म्हणून तिचं उत्तर तेच येतं. दोघांनी एकमेकांशी बोलायची गरजच नसते.

कोड बरोबर टाकतोय, तरी ‘चुकीचा कोड’ म्हणतं. का?

वर सांगितलेल्या गणितातली वेळ चुकली असणार. फोनचं घड्याळ हाताने लावलेलं असेल आणि एक-दोन मिनिटं पुढेमागे असेल तर कोड जुळत नाहीत. सेटिंग्जमध्ये तारीख आणि वेळ ‘आपोआप’ वर ठेवा. टाइम झोनही आपोआपच असू द्या, कारण काही जण प्रवासात झोन न बदलता घड्याळाचे काटेच पुढेमागे करतात आणि मग हीच अडचण येते.

घड्याळ ठीक असेल तर ॲपमध्ये त्याच सेवेच्या दोन नोंदी आहेत का पाहा. टू-फॅक्टर बंद करून पुन्हा लावलं असेल तर जुनी नोंद तशीच राहते आणि तिचे कोड चालत नाहीत. ३० सेकंद संपत आले असतील तर घाई करू नका, पुढचा कोड येऊ द्या.

एसएमएसचा कोड येतच नाही.

‘पुन्हा पाठवा’ सारखं दाबू नका. प्रत्येक वेळी आधीचा कोड बाद होऊ शकतो, आणि फार वेळा मागितला तर सेवा काही तास कोड देणंच थांबवते. विमान मोड एकदा चालू-बंद करा, मेसेजच्या ॲपमधला स्पॅमचा कप्पा उघडून पाहा, दोन सिम असतील तर योग्य सिम चालू आहे का ते बघा. फोन करून कोड ऐकवण्याचा पर्याय बऱ्याच सेवा देतात, तो अनेकदा चालून जातो.

नेटवर्कच अचानक गेलं असेल, आणि आसपासच्या लोकांचं चालू असेल, तर लगेच दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला विचारा. तुमच्या नंबरवर नवं सिम निघालेलं असू शकतं. यात तासभराचा उशीरही महागात पडतो.

नवीन फोन घेतलाय. कोड कसे हलवू?

एकच नियम पाळा: नव्या फोनवरून प्रत्येक खात्यात लॉगिन करून खात्री होईपर्यंत जुना फोन पुसू नका, विकू नका, कुणाला देऊ नका. टू-फॅक्टरमध्ये अडकलेल्यांच्या कहाण्यांमध्ये सर्वाधिक वेळा भेटणारा प्रसंग हाच: फोटो आले, संपर्क आले, चॅट आले, सगळं आलं असं वाटून जुना फोन रिसेट केला, ऑथेंटिकेटर नव्या फोनवर दिसतोही, पण उघडला तर आत रिकामा. फोनच्या सर्वसाधारण बॅकअपमधून ॲप येतं, त्यातल्या गुप्त ओळी येतीलच असं नाही.

गूगल ऑथेंटिकेटरमध्ये ‘खाती हस्तांतरित करा’ असा पर्याय आहे. जुन्या फोनवर ‘एक्सपोर्ट’ निवडा, मोठा क्यूआर कोड येईल. नव्या फोनवर ‘इम्पोर्ट’ करून तो स्कॅन करा. खाती जास्त असतील तर एकामागोमाग एक असे अनेक क्यूआर येतात, शेवटच्यापर्यंत थांबा. एजिससारख्या ॲपमध्ये बॅकअप फाइल काढून नव्या फोनवर उघडायची. बँका आणि कंपन्यांची काही खाती अशा मार्गाने हलत नाहीत. ती त्याच फोनला बांधलेली असतात आणि नव्या फोनवर नव्याने नोंदवावी लागतात.

मग जुन्या फोनवरची नोंद पुसा, आणि खात्याच्या सुरक्षा पानावर ‘विश्वासू उपकरणां’च्या यादीतूनही तो फोन काढा.

ॲप चुकून अनइन्स्टॉल झालं. टू-फॅक्टर बंद झालं का?

नाही, आणि हाच गैरसमज महागात पडतो. फोनवरून ॲप गेलं, पण सेवेच्या बाजूला टू-फॅक्टर चालूच आहे आणि ती कोड मागतच राहणार. ॲप परत उतरवून त्याच गूगल किंवा आयक्लाउड खात्याने आत गेलात तर, बॅकअप चालू असल्यास, नोंदी परत येतील. नसतील येत, तर कुठल्या उपकरणावर अजून लॉगिन आहात ते आधी शोधा. तिथून बाहेर पडू नका.

फोन हरवला किंवा चोरीला गेला. आता काय करू?

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश वाचा.

पहिल्यांदा, जिथे अजून लॉगिन आहात ते उपकरण धरून ठेवा: ऑफिसचा कॉम्प्युटर, घरचा टॅबलेट, जुना फोन. तिथून लॉग-आउट करू नका आणि ब्राउझरचा इतिहासही पुसू नका. तिथून गूगलच्या ‘फाइंड हब’ किंवा ॲपलच्या ‘फाइंड माय’ मधून फोन लॉक करा. ‘इरेज’ मात्र शेवटी. कारण पुसलेल्या फोनवरचे ऑथेंटिकेटरचे कोडही पुसले जातात, आणि फोन तासाभरात सोफ्याखाली सापडला तर हळहळ होते.

मग मोबाइल कंपनीला सांगून सिम बंद करा आणि त्याच नंबरचं नवं सिम घ्या. ज्या खात्यांना एसएमएस लावलेला आहे ती नवं सिम चालू झालं की परत हातात येतील. ओळखपत्र बरोबर ठेवा.

आता कागद काढा. लॉगिनच्या पानावर कोड मागितला की खाली ‘दुसऱ्या मार्गाने’ किंवा ‘बॅकअप कोड वापरा’ असा दुवा असतो. एक कोड टाकून आत जा. आत गेल्याबरोबर तीन कामं: हरवलेल्या फोनवरचं चालू लॉगिन (सेशन) बंद करा, पासवर्ड बदला, नव्या फोनवर ऑथेंटिकेटर नव्याने जोडा. नव्याने जोडलं की जुनी गुप्त ओळ रद्द होते आणि चोराच्या हातातल्या फोनवरचे कोड निरुपयोगी ठरतात. सुरुवात ईमेलपासूनच करा.

एक गोष्ट फोन हरवायच्या आधी करून ठेवता येते: सिमला पिन. फोनला कुलूप असलं तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की एसएमएस तिथे येऊ लागतात. पिन असेल तर येत नाहीत. तीनदा चुकीचा पिन टाकला की सिम पक-कोड (PUK, अडकलेलं सिम उघडणारा आकडा) मागतं; तो मोबाइल कंपनीकडून मिळतो. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद करा.

माझा नंबरच बदललाय. जुना नंबर आता दुसऱ्याकडे आहे.

बंद पडलेले नंबर काही काळाने नव्या ग्राहकाला दिले जातात, आणि मग तुमचे कोड एका अनोळखी माणसाकडे जातात. खात्यात अजून जाता येत असेल तर आजच सगळीकडचा नंबर बदला: आधी ईमेल, मग बाकी. जाता येत नसेल तर बॅकअप कोड किंवा ऑथेंटिकेटरने आत शिरा. जुना नंबर अजून चालू असेल तर तो सोडण्याआधी त्यावर कोणकोणत्या सेवांचे कोड आले आहेत ते मेसेजमध्ये शोधा. बदलायच्या खात्यांची यादी तिथेच मिळते.

फोन नाही, कागद नाही, दुसरं उपकरण नाही. काही मार्ग आहे का?

सेवेवर अवलंबून. पासवर्ड आठवतो आहे आणि ईमेल हातात आहे, तर बऱ्याच ठिकाणी वाट निघते. पण वेळ लागतो, आणि तो मुद्दाम लावलेला असतो. दरम्यान खऱ्या मालकाला सूचना जातात आणि कुणी चोरपावलांनी हे करत असेल तर मालकाला ते थांबवता येतं.

गूगलच्या खाते-रिकव्हरीच्या पानावर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या वाय-फायवर आणि पूर्वी वापरलेल्या ब्राउझरमधून द्या. ओळखीचं ठिकाण आणि उपकरण हाही तिथे पुराव्याचा भाग असतो. आठवत असेल तो शेवटचा पासवर्ड टाका, अंदाज असला तरी.

ॲपल खात्यासाठी रिकव्हरीचा अर्ज केला की काही दिवसांची किंवा त्याहून जास्त प्रतीक्षा असते. त्या काळात त्याच खात्याने चालू असलेलं दुसरं उपकरण वापरलं तर अर्ज आपोआप रद्द होतो, म्हणून ती उपकरणं बंद ठेवा. कुणी २८ अक्षरांची रिकव्हरी की चालू करून ठेवली असेल तर ही प्रतीक्षेची वाट बंद होते. ती कीही हरवली आणि विश्वासू उपकरणंही नसली, तर खातं कायमचं जाऊ शकतं. साध्या वापरासाठी मी रिकव्हरी कीपेक्षा ‘रिकव्हरी कॉन्टॅक्ट’ सुचवीन: जवळच्या एखाद्या माणसाचं नाव नोंदवायचं, अडचणीत त्याच्या आयफोनवर कोड येतो, तो तुम्हाला फोनवर सांगतो. त्याला तुमच्या खात्यात शिरता येत नाही.

व्हॉट्सॲपचा पिन विसरलात आणि ईमेल दिलेला नसेल तर सात दिवस थांबून पिन नव्याने ठेवता येतो. ईमेल दिलेला असेल तर लगेच. तो ईमेल आजच भरून टाका.

काही सेवा मात्र दार उघडत नाहीत. गिटहब (प्रोग्रामर आपलं काम ठेवतात ती सेवा) स्पष्ट सांगतं की टू-फॅक्टर आणि रिकव्हरीचे सगळे मार्ग गेले तर त्यांचा सपोर्ट विभाग खात्याचा ताबा परत देणार नाही. कठोर वाटतं, पण बोलण्यात फसणारा सपोर्ट म्हणजे चोरासाठी मागचं दार. ऑफिसच्या खात्याचं सोपं असतं: तुमच्या आयटी विभागाला टू-फॅक्टर रिसेट करता येतं.

इंटरनेटवर एक जण पैसे घेऊन खातं परत मिळवून देतो म्हणतो.

देऊ नका. कंपनीच्या अधिकृत पानाखेरीज दुसरी वाट नसते. ‘माझं खातं लॉक झालं’ असं कुठे जाहीर लिहिलंत की असे लोक मिनिटांत येऊन चिकटतात. ते पैसे घेतात, आणि वर तुमचा ईमेल व ओळखपत्राचा फोटोही घेऊन जातात.

मी लॉगिन केलं नाही, तरी कोड आला.

बऱ्याचदा याचा अर्थ असा की कुणाकडे तुमचा पासवर्ड आहे आणि तो दुसऱ्या पायरीवर अडला आहे. कधी एखाद्याने आपला नंबर टाकताना चुकून तुमचा टाकलेला असतो. दोन्ही बाबतीत कोड कुणालाही सांगू नका, सूचना असेल तर ‘नाही’ दाबा, आणि सेवेचं पान स्वतः उघडून पासवर्ड बदला. मेसेजमधल्या दुव्यावरून जाऊ नका. त्यानंतर लगेच ‘कंपनीतून बोलतोय, आलेला कोड सांगा’ असा फोन आला तर तो चोरच आहे. खरी कंपनी तुमचा कोड तुम्हाला कधीच विचारत नाही.

कोड खोट्या पानावर टाकला तर टू-फॅक्टर वाचवतं का?

एसएमएस आणि ॲपचे कोड इथे वाचवत नाहीत. खोटं पान तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि कोड त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकतं आणि आत शिरतं. ३० सेकंद त्याला पुष्कळ होतात. यावर खरा उपाय म्हणजे पासकी (पासवर्डऐवजी चालणारी, फोनमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा सिक्युरिटी की (त्याच कामाचं छोटं वेगळं उपकरण). त्या खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशीच बांधलेल्या असतात, त्यामुळे पत्त्यात एका अक्षराचा फरक असला तरी त्या चालतच नाहीत. २०२२ पासून फोनमध्ये पासकीची सोय येऊ लागली आहे. जिथे मिळेल तिथे जरूर लावा. फिंगरप्रिंट लावला की लॉगिन. पासकी लावली तरी बॅकअप कोडचा कागद फेकू नका, परतीची वाट तिथेही लागते. सिक्युरिटी की घेणार असाल तर दोन घ्या. ॲपल तर दोन नोंदवल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही.

‘या उपकरणावर पुन्हा विचारू नका’ यावर टिक करू का?

स्वतःच्या, कुलूप असलेल्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर बेलाशक. सायबर कॅफे, ऑफिसमधलं सामायिक यंत्र, मित्राचा लॅपटॉप इथे कधीच नाही.

आई-वडिलांच्या फोनवर लावून द्यायचं आहे. काय जपू?

त्यांच्याच नंबरवर आणि त्यांच्याच फोनवर लावा, तुमच्या नाही. तुमच्या फोनवर कोड येऊ लागले तर तुम्ही मीटिंगमध्ये असताना त्यांचं काम अडतं. एकदा त्यांच्याकडूनच लॉगिन करून घ्या, तुम्ही नुसते बाजूला बसा. बॅकअप कोडचा एक कागद त्यांच्याकडे आणि त्यांच्या संमतीने एक तुमच्याकडे ठेवा. आणि एक वाक्य पक्कं करून घ्या: फोनवर आलेला कोड कुणालाही वाचून दाखवायचा नाही, तुमचं नाव सांगून विचारला तरी नाही.

नको झालं तर बंद करता येतं का?

बहुतेक ठिकाणी सुरक्षा सेटिंग्जमधून, पासवर्ड टाकून बंद करता येतं. ॲपल खात्यात मात्र लावल्यापासून दोन आठवड्यांच्या आतच. त्यानंतर ते कायम राहतं. बंद करण्यामागचं कारण ‘दरवेळी कोड टाकायचा कंटाळा’ एवढंच असेल, तर आधी पासकी लावून पाहा किंवा घरच्या उपकरणांवर ‘पुन्हा विचारू नका’ ची टिक करा. कारण फोन बदलणं असेल तर बंद करायची गरज नाही, वर सांगितल्याप्रमाणे कोड हलवा. आणि बंद केलंच, तर ऑथेंटिकेटरमधली त्या खात्याची नोंदही पुसून टाका, म्हणजे पुढे कधी पुन्हा लावलंत तर जुने आणि नवे कोड शेजारी शेजारी दिसून गोंधळ होणार नाही.